गळतीचा सूर

निळा चेंडू सहज वर गेला, पिवळा क्षणभर घुटमळून त्याच्या मागोमाग गेला, आणि तिसरा, तांबडा, तळाशीच किंचित थरथरून — उठावेसे वाटूनही अंथरुणातच राहिलेल्या माणसासारखा — पुन्हा स्थिर झाला. पारदर्शक नळकांड्यांच्या त्या लहानशा यंत्राची नळी तिच्या ओठांत होती. गालांना खळगे पडले होते, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताणल्या होत्या; आणि श्वास आत ओढण्याचे ते कर्म, जे जन्मल्या क्षणापासून कुणाला शिकवावे लागत नाही, ते ती उशिरा शाळेत घातलेल्या मुलासारखी, मन लावून, थोडी लाजत, पुन्हा पुन्हा घोकत होती.

"असा बघत उभा राहू नकोस रे," नळी काढून ती म्हणाली. "परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"मी कुठे बघतोय?"

"मग दारात काय करतोयस?"

तो खरोखरीच बघत नव्हता. तो ऐकत होता. नळीतून जाणाऱ्या वाऱ्याचा बारीक शीळेसारखा स्वर, तो स्वर कुठे तुटतो, तुटताना तिच्या घशात कोणता लहानसा आवाज होतो... हे सगळे त्याच्या नकळत त्याचा कान टिपून ठेवीत होता. कारण त्याचा कान हाच त्याचा व्यवसाय होता, आणि व्यवसाय माणूस उंबरठ्याबाहेर ठेवून घरात येतो म्हणतात ते काही खरे नसते. हातातला कंगवा त्याने उगाच वर करून दाखवला. तिला अजून हात डोक्यापर्यंत नेण्याची मोकळीक नव्हती. छातीचे मधले हाड करवतीने दुभागून, आतले काम झाल्यावर तारेने पुन्हा बांधले होते, आणि ते सांधेपर्यंत ओढायचे नाही, ढकलायचे नाही, उचलायचे नाही, कुशीवर वळायचे नाही, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट कवटाळून मगच खोकायचे, असे किती तरी नकार घेऊन ती रुग्णालयातून परतली होती. त्याला बरेच आठवडे लोटले होते. चेहऱ्यावर रंग हळूहळू परतत होता... इतका हळूहळू, की रोज पाहणाऱ्याला तो दिसत नव्हता.

तो तिच्या मागे बसला आणि केस विंचरू लागला. केसांच्या मुळाशी औषधांचा वास होता.

"आई आज संध्याकाळी घरी जाणार आहे," ती म्हणाली. "तू आलास की निघेल. उद्या दुपारी परत येईल."

"हं."

"मग आज ऐक."

कंगवा थांबला. "काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस."

खिडकीत, पाण्याने भिजवलेल्या टिपकागदाच्या दोन थरांमध्ये, तिने कसल्याशा बिया पसरून ठेवल्या होत्या. ती बीजपरीक्षण प्रयोगशाळेत काम करी; शेकडा किती बिया उगवतात हे पाहणे आणि त्यावरून पोत्यातल्या सगळ्या बियाण्याविषयी विश्वासाने बोलणे हे तिचे काम. रजेवर असली तरी तिचे हात रिकामे राहत नसत. आमच्या कामात कान लावावा लागत नाही, ती त्याला चिडवायची, आम्ही कागद ओला ठेवतो आणि वाट बघतो.

"हाड अजून ओलं आहे," तो म्हणाला. "डोक्याचा भार नको त्याच्यावर."

"हाडाचं मला विचार की. मी राहते त्याच्याजवळ." तिच्या आवाजात अजून थट्टा होती, पण पातळ. "डॉक्टरांनी ऐकलं. त्यांच्या हाताखालच्या त्या दोन मुली येऊन ऐकून गेल्या. नर्सबाई ऐकतात. आईला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तीसुद्धा रोज सकाळी माझ्या पाठीला कान लावते. राहिला कोण? ज्याला कळतं तो."

तो विंचरत राहिला. गुंता नसलेल्या जागीसुद्धा.

"वण बघवत नाही का?" तिने फार हळू विचारले.

"वेडी आहेस का!" तो म्हणाला... आणि हे उत्तर नव्हे, हे तिला कळले, आणि तिला कळल्याचे त्याला कळले. आणि मग दोघेही, जणू वेणी ही फार अवघड गोष्ट असावी, तशी वेणीत गुंतून गेली.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, चहा निवतोय! बायकोची वेणी घालताय की नदीला बांध?"

पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. रस्त्याखालची जलवाहिनी कुठे फुटली आहे हे वर चिखल दिसण्याआधी सांगायचे, हे त्याचे काम. त्यासाठी शिसवीची एक लांब काठी असे, खालचे टोक निमुळते, वरचे कानाच्या पाळीएवढ्या वाटीसारखे. खालचे टोक नळावर, झडपेवर, कधी नुसत्या फरसबंदीवर टेकवायचे, वाटीला कान लावायचा, श्वास धरायचा. निरोगी वाहिनीचा आवाज जवळजवळ नसतोच. पाणी भरल्या घरातल्या समाधानी माणसासारखे गप्प जाते. जिथे फट असते तिथे ते बोलू लागते. बारीक फटीतून निसटणारे पाणी एक लांब, न संपणारा सकार उच्चारते. मोठ्या फटीतले घोगरे होते. यंत्रे आली होती, पडद्यावर हिरव्या रेघा नाचवणारी. तरी यंत्राने दाखवलेल्या जागी खणण्यापूर्वी मुकादम त्याच्याकडे पाहत, आणि तो मान डोलावी तेव्हाच पहिला टिकाव पडे.

आणि असा हा कान लग्नानंतरच्या पहिल्याच दिवसांत, दुपारच्या एका शांत वेळी, तिच्या छातीवर विसावला तेव्हा त्याने काय ऐकले होते?

दोन ठोके, आणि त्या दोहोंच्या मध्ये, पहिल्याच्या शेपटाला धरून दुसऱ्यापर्यंत पोहोचणारा एक लांब, मृदू, निसटता स्वर... दूर कुठे कुणी पहाटे अंगण झाडीत असावे तसा. किती वेळ तो ऐकत राहिला होता! इतर कुणाच्या काळजाला कान लावण्याचा प्रसंग त्याला कधी आला नव्हता. लहानपणी आईच्या कुशीत ऐकले असेल ते स्मरणात नव्हते. त्याने मानले, हा तिचा सूर. प्रत्येकीचा असेल निरनिराळा, हिचा हा. हृदयाच्या गुहेत कुणीतरी वास करतो असे जुनी माणसे सांगत. त्याला वाटले, करतो खरा, आणि तो पहाटे उठून आपली गुहा झाडून काढतो. पुढे वर्षानुवर्षे, कामावरून श्रमून आल्यावर, भांडण मिटल्यावर, कधी नुसतेच, तो तिथे डोके ठेवी आणि तो स्वर आहे अशी खातरी झाली की त्याच्या मनातले सगळे जागच्या जागी बसे.

मग ती जिना चढताना मध्येच थांबू लागली. पावले सुजू लागली. नवे डॉक्टर, तरुण, मितभाषी, त्यांनी नळी तिच्या छातीवर ठेवली, क्षणभरच, आणि कपाळाला आठी घालून विचारले, "हा आवाज कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला होता. तत्काळ. आणि — हे त्याला अजून सोसवत नव्हते — किंचित अभिमानाने, घरातल्या एखाद्या जुन्या दागिन्याविषयी कुणी विचारावे तसा.

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तिनेही पाहिले. तिच्या त्या पाहण्यात ठपका नव्हता, आश्चर्यसुद्धा फारसे नव्हते... जे होते त्याला तो अजून नाव देऊ शकला नव्हता. झडप नीट मिटत नाही, डॉक्टर सांगत होते, पुढे गेलेलं रक्त मागे निसटतं. सोप्या भाषेत सांगायचं तर, गळती आहे.

सोप्या भाषेत! गळती या शब्दाच्या जोरावर त्याने संसार मांडला होता.

धातूची झडप की प्राण्याच्या ऊतींची, असा प्रश्न पुढे आला. धातूची टिकाऊ, पण तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर, आणि त्या औषधात मूल होणे धोक्याचे. ऊतींची काही वर्षांनी झिजते, पुन्हा छाती उघडावी लागते, पण तोपर्यंत वाट मोकळी. तिने ऊतींची निवडली. त्याने मान डोलावली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सासूबाई रुग्णालयाच्या बाकावर त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि भिंतीकडे पाहत म्हणाल्या होत्या, "साऱ्या गावाची गळती कळते हो जावईबापूंना... दिव्याखाली अंधार, दुसरं काय." बोलून झाल्यावर त्यांनीच त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली होती.

आता ती घरी होती, आणि तिच्या छातीत कुणी अंगण झाडत नव्हते. हे त्याला ठाऊक होते, कारण एकदाच, रुग्णालयात, ती गुंगीत असताना, नर्सबाईंनी कौतुकाने स्वतःची नळी त्याच्या कानांत घातली होती, "बघा, कसं स्वच्छ चाललंय!" ठक्-ठक्, ठक्-ठक्. स्वच्छ. कोणत्याही माणसाचे असावे तसे. त्याने नळी परत केली होती, हसून आभार मानले होते, आणि मग मोकळ्या जिन्यात जाऊन कठड्याला धरून उभा राहिला होता. भीतीने नव्हे. भीती त्याला ओळखता आली असती.

त्या दुपारी काम एका जुन्या वस्तीतल्या गल्लीत होते. दोन्ही बाजूंना बुटकी कुंपणे, वाळत घातलेले कपडे, जेवणानंतरची सामसूम... ऐकण्याला फार चांगली वेळ. पाण्याचा दाब कुठेतरी घटत होता. मुकादम सावलीत बसले होते, खणणारे दोघे टिकाव मांडीशी घेऊन पेंगत होते. तो काठी घेऊन एका झडपेपासून दुसऱ्या झडपेकडे चालला होता. टेकव, ऐक, उचल. टेकव, ऐक, उचल. चौथ्या की पाचव्या ठिकाणी, एका पिवळ्या भिंतीच्या घरापुढे, त्याने वाटीला कान लावला.

आणि तिथे ती होती.

लांब, मृदू, निसटता... मध्येच किंचित दबून, पुन्हा उमलून. वाहिनीतला दाब दूरच्या एखाद्या पंपाबरोबर हेलकावत असेल. कारण शोधायला तो थांबला नाही. डोळे मिटले. काठीचे लाकूड कानाला गार लागत होते, आणि गार लाकडातून, मातीच्या थरांखालून, कुणीतरी धीराने अंगण झाडीत होते. ऊन मानेवर चटके देत होते. तो ऐकत राहिला. काम संपवण्यासाठी जितके ऐकावे लागते त्याच्या कितीतरी पलीकडे तो ऐकत राहिला. शेवटी मुकादमांनी हाक मारली तेव्हा, झोपेतून उठल्यासारखे, त्याने खिशातला खडू काढला आणि तिथे फुली मारली.

एक नियम होता. कानसेनानेच नव्या माणसांना शिकवलेला. फुली मारण्याआधी आसपासच्या घरांच्या तोट्या बंद करवायच्या आणि पुन्हा ऐकायचे. कारण कुणाचा नळ बारीक सुटलेला असेल तर तोही गळतीसारखाच बोलतो. हा नियम शिकाऊ माणूस विसरतो, एकदाच, आणि मग जन्मात विसरत नाही.

फरशा निघाल्या. माती निघाली, वाहिनी उघडी पडली — कोरडी, धडधाकट, धुळीने माखलेली.

"अरे कानसेना," मुकादम खड्ड्याच्या काठावर येऊन म्हणाले, "कोरडी ठणठणीत! कान घरी विसरून आलास की काय?"

खणणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "मुकादम, ह्यांच्या कानावर आम्ही डोळे मिटून खणतो. आता डोळे उघडून खणायचं का?"

"तुझे उघडे असतात कधी?"

एवढ्यात पिवळ्या भिंतीच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बाहेर आले. निवृत्त शिक्षक असावेत. उभे राहण्यात फळ्यासमोरची ऐट होती. "माझ्या दारात हे काय आरंभलंत?"

"आजोबा, नळ सुटलाय का घरात?" मुकादमांनी विचारले.

"सुटलाय म्हणजे? सोडलाय. बारीक. टाकी भरतोय."

"एवढ्या बारीक धारेनं?"

"मग? जोरात सोडला की नळ किंचाळतो, मला झोप लागत नाही. हा आवाज कसा... बरा वाटतो. संध्याकाळपर्यंत भरते टाकी. घाई कुणाला आहे?" आणि खड्ड्यात डोकावून, "मिळालं का काही?"

खणणारे दोघे हसले. मुकादमही हसले. तो खड्ड्यात उतरून वाहिनीवर हात फिरवीत होता, जणू तळहाताला काही लागेल. गृहस्थांनी आत जाऊन तोटी पिळली असावी, कारण मुकादमांनी काठी त्याच्या हाती दिली आणि त्याने पुन्हा कान लावला तेव्हा तिथे काहीच नव्हते. संपूर्ण, निरोगी शांतता.

आणि मग ते जे इतके दिवस, जिन्याच्या कठड्यापासून आजपर्यंत, त्याच्या मागे मागे चालत होते ते येऊन शेजारी बसले. मला तो आवाज हवा आहे. ती वाचली, आणि ज्याने ती मरत होती तोच मला हवा आहे. लोक मृत माणसाचा सदरा जपून ठेवतात. माझी बायको जिवंत आहे, घरी बसून श्वास घोकते आहे, आणि मी तिच्या मरणाचा सूर भर उन्हात, परक्याच्या कुंपणाशी, भिकाऱ्यासारखा ऐकत उभा होतो... हे कुणाला सांगायचे? कोणत्या तोंडाने?

"घरी कसं आहे?" मुकादमांनी खालच्या आवाजात विचारले.

"सुधारतेय."

"सुधारतेय म्हणतोस, आणि तोंड असं, की बघणाऱ्यानं खांदा द्यायला निघावं." मग त्याच्या पाठीवर थाप मारून, "जा तू. खड्डा आम्ही बुजवतो. माती लोटायला कान लागत नाही."

तो घरी पोहोचला तेव्हा सासूबाई पिशवी भरून, चपला घालून, अगदी निघण्याच्या तयारीत बसल्या होत्या. आणि तयारीत बसून बराच वेळ झाला असावा, कारण सूचनांची त्यांनी चांगलीच जुळवाजुळव केली होती. "भाजी झाकून ठेवलीय, अळणीच आहे. मीठ मी वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे लपवलंय. हिच्या हाती लागू देऊ नका. चोर आहे ती, लहानपणापासून. खोकला आला तर उशी. उठवताना काखेत हात घालायचा नाही, पाठीला द्यायचा..."

"आई, तोच रोज उठवतो मला," आतून आवाज आला.

"तू गप्प! तुला कुणी विचारलं?"

तो त्यांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेला. तिथे त्या थांबल्या. पिशवी घेण्यासाठी हात पुढे केला, पण घेतली नाही.

"त्या दिवशी बाकावर मी काहीबाही बोलले."

"नाही हो आई."

"नाही काय, बोलले. दिव्याखाली अंधार म्हणाले." त्यांनी पदराने ओठ टिपले. "नऊ महिने माझ्या पोटात होती ती. रात्रंदिवस माझ्या काळजाच्या खालीच निजायची. मला तरी कुठे ऐकू आलं?" आणि त्याला बोलण्याची संधी न देता पिशवी हिसकून त्या चालू लागल्या; थोड्या अंतरावर जाऊन, न वळता, ओरडल्या, "डाळीच्या डब्यामागे!"

ती खिडकीपाशी, उंच पाठीच्या खुर्चीत, उशी मांडीवर घेऊन बसली होती. उतरते ऊन टिपकागदावर पडले होते. आत जाऊन त्याने हातपाय धुतले. नखांतली माती निघेना. फार वेळ तो हात धूत होता.

"लवकर कसा?" तिने विचारले.

"आज चुकलो."

"तू?"

तिच्या स्वरातला तो निखळ अविश्वास... त्याला हसू आले. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. फुली, खड्डा, कोरडी वाहिनी, बनियनवरचे गुरुजी. गुरुजींची नक्कल त्याने बरी केली असावी. तिने उशी छातीशी धरली आणि जपून, हप्त्याहप्त्याने, हसली.

"पण तोट्या का नाही बंद करवल्यास? तूच सांगतोस ना सगळ्यांना."

"आवाज ओळखीचा वाटला."

"कसला?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवीत गेले. ती घंटी लांबवर विरेपर्यंत तो ऐकत राहिला. मग तीही सबब उरली नाही.

"तुझ्यासारखा," तो म्हणाला. "आधीच्या."

ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे एकामागून एक आले आणि गेले ते पाहण्याचा त्याला धीर झाला नाही. तो तिच्या पावलांकडे पाहत होता. सूज उतरली होती. घोट्याचे हाड दिसू लागले होते... केव्हापासून? हे त्याने पाहिले कसे नव्हते?

"म्हणून ऐकत नव्हतास," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, वण."

"नाही. वण नाही."

"मग मी वणाला तेल लावत बसले ते..." ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज कोरडा होता. "मलाही यायचा तो. डाव्या कुशीवर निजलं की उशीतून. लहान होते तेव्हा वाटायचं, उशीच्या आत कुणीतरी झाडतंय."

त्याने चमकून वर पाहिले. हा शब्द त्याने तिला कधी सांगितला नव्हता.

"आता कुशीवर वळायचं नाही, म्हणून येत नाही, असं मी मला सांगते." तिने उशीची झालर बोटांत घेऊन सारखी केली. "वळता येईल तेव्हा बघू, म्हणते. वळता यायला लागू नये, असंही कधी वाटतं."

मग तिच्या कपाळावर एक उभी आठी उमटली, जी त्याने आजारात कधीच पाहिली नव्हती. आजारापूर्वीची, भांडणातली आठी. "पण मी मला सांगते. तुला नाही सांगितलं. तू मात्र जिवंत बायकोचं सुतक धरून बसलास. रोज वेणी घालायची, रोज गोळ्या द्यायच्या, आणि हिच्यात ती नाही म्हणून दाराशी उभं राहायचं. मला कळत नव्हतं, हा कुणाची वाट बघतोय."

तो गुडघ्यांवर उठला. आता उशीर नको, आता जे असेल ते. त्याने मान पुढे केली...

"नको." तिचा तळहात त्याच्या कपाळावर आला. हलकाच, पण थांबवणारा. "आज नको. तू तपासायला येशील. नसलेलं शोधायला येशील."

"मग?"

"बस इथे. पाठ टेकव भिंतीला."

तो खिडकीखाली भिंतीला टेकून बसला. ती सावकाश उठली; त्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही; खुर्चीच्या हातावर भार न देता, शिकवल्याप्रमाणे पायांच्या बळावर उठली, आणि तितक्याच सावकाश त्याच्या बाजूला खाली बसली. उशी आपल्या छातीशी धरली. मग डोके तिरके करून, सदऱ्याच्या खिशाच्या जरा खाली, तिने कान टेकवला.

त्याने श्वास धरला. ऐकताना धरायचा असतो. ऐकवतानाही धरायचा असावा, असे त्याला वाटले.

"श्वास घे," ती म्हणाली. "घोळ करू नकोस."

त्याने श्वास घेतला. तिचे डोके वर उचलले गेले, खाली आले. केसांना अजून औषधांचा वास होता, त्याखाली आणखी कुठलातरी, उन्हात तापलेल्या केसांचा. ती हलत नव्हती. सदऱ्यातून तिच्या कानाची ऊब जाणवत होती आणि त्या उबेच्या आत, बरगड्यांपलीकडे, त्याचे काळीज चालले होते. जोरात, वेडेवाकडे, असे त्याला वाटले. पण ते कसे चालते हे त्याला कुठे ठाऊक होते? स्वतःचे ते त्याने आजवर ऐकले नव्हते. रस्त्यांना, भिंतींना, तिला त्याने कान लावला होता. त्याला कुणी लावला नव्हता. आत काय असेल? एखादी फट असेल, जन्मापासूनची. काहीच नसेल, स्वच्छ, कोणत्याही माणसाचे असावे तसे, ज्यात त्याचे म्हणून काही ओळखू यायचे नाही. यांतले कोणते अधिक भयंकर हे त्याला ठरवता येईना. तर असे बसून राहायचे असते! उघड्या छातीने, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता, दुसरा काय ऐकतो आहे याची वाट पाहत. डॉक्टरांपुढे, त्या दोन मुलींपुढे, आईपुढे, वर्षानुवर्षे माझ्यापुढे... ती अशी बसली होती, आणि मी डोळे मिटून ऐकत होतो, आणि मला वाटत होते की दोघांत मीच एकटा काही करतो आहे.

तिने आता बोलावे असे मला वाटले. लागते त्याच्या कितीतरी पलीकडे ती ऐकत होती. काय येते आहे कानावर, विचारावे, ओठापर्यंत आलेही. पण विचारले असते तर तिने उत्तर दिले असते, आणि त्या उत्तराला मी तयार नव्हतो... तिचे डोळे मिटलेले होते की उघडे ते मला दिसत नव्हते. ऊन भिंतीवरून वर सरकत गेले. मी शक्य तितका स्थिर, श्वास न चोरता, तिला आत कुणीतरी ऐकू यावे अशी आशा धरून बसून राहिलो.